व्हर्लिनचं लायसन्स

व्हर्लिन स्कार आयुष्यात मोठं खोटं एकदाच बोलला असेल, आणि बोलला तेव्हा मी त्याच्या शेजारीच अंड्यांवर मीठ घालत बसले होते.

गुरुवार होता तो. दर गुरुवारी माझा सकाळचा कार्यक्रम आटोपला की ग्लॅडिसच्या कॅफेत, मागच्या लांब टेबलावर, गावातली रेडिओवेडी मंडळी जमायची. कुणी जुने रेडिओ गोळा करणारा, कुणी छपरावर एरियल उभारून न्यूझीलंडच्या माणसाशी हवापाण्याच्या गप्पा मारणारा. सात-आठ पुरुष आणि मी एकटी बाई. मला यंत्रातलं काही कळत नसे, मी आपली त्यातून बोलायचे. दुधाचे भाव, अंत्यविधीच्या सूचना, शाळेच्या बास्केटबॉलचे निकाल, दुपारी तासभर पोल्का नाचाची गाणी. आमच्या ओक हॉलो गावच्या एएम स्टेशनवर, म्हणजे जुन्या मिडियम वेव्हवर, तोवर माझी सोळा वर्षं झाली होती.

व्हर्लिनचा पोटापाण्याचा धंदा दूध काढायची मशीनं दुरुस्त करण्याचा. आमच्या भागातला एकही गोठा असा नव्हता जिथे तो पोटावर सरपटत पंपाखाली शिरला नव्हता. चौऱ्याहत्तर साली स्टेशनच्या मालकीणबाई आर्लिस यांनी त्याला जनरेटर बघायला बोलावलं, आणि तो जो आला तो तिथलाच झाला. त्या काळी आवाज हवेत सोडणाऱ्या ट्रान्समीटरला हात लावायचा तर सरकारचं फर्स्ट क्लास लायसन्स लागे. ते असलेला एक इंजिनियर महिन्यातून एकदा परगावाहून यायचा, वहीत सही करायचा, आर्लिसच्या हातचा केक खायचा आणि जायचा. काम व्हर्लिन करायचा. पुढे सरकारनंच ती अट काढून टाकली, केकवाला यायचा बंद झाला, आणि व्हर्लिनला कुणी काही विचारलं नाही. विचारायचं तरी कशाला? स्टेशनच्या मनोऱ्यावर बर्फ चढलं, वीज पडली, उंदरांनी तार कुरतडली, की फोन त्यालाच जायचा.

आणि आवाज असा लावायचा! दूरदूरचे शेतकरी मला भेटले की म्हणायचे, "लॉइस, तू आमच्या गोठ्यात उभं राहून बोलतेस असं वाटतं बघ." मी आभार मानायचे, पण त्यात माझं काही नव्हतं.

मग २००४ च्या वसंतात कर्टिस बॉमन आला. एकतीस वर्षं शिकागोच्या मोठ्या स्टेशनात इंजिनियर, आता निवृत्त होऊन बायकोच्या माहेरगावी राहायला आलेला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. माणूस वाईट नव्हता, फक्त कुठलीही गोष्ट तो निकाल वाचून दाखवल्यासारखी सांगायचा.

त्या गुरुवारी तो म्हणाला, "एएमचा आवाज म्हणजे डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा. हे एकदा मान्य करून टाकायला काय हरकत आहे? नुसतं बोलणं पाठवा त्याच्यावरून. गाणी एफएमला देऊन टाका."

"डबा तुझा रेडिओ आहे," व्हर्लिन म्हणाला. "हल्ली रेडिओच चिक्कूपणानं बनवतात. माझ्या ट्रकमधला जुना रेडिओ ऐक आणि मग बोल."

"तुमचं स्टेशन मी रोज ऐकतो. खरं सांगू? किंचाळतं."

टेबलावरचे काटे-चमचे थांबले.

"लॉइसचा आवाज बिचारीचा चांगला आहे. पण 'स' आला की माझे दात शिवशिवतात. पत्र्यावर कुणी खिळा ओढतंय असं वाटतं."

मी बशीत बघत राहिले. कारण ते खरं होतं. वर्ष-दोन वर्षं मलाही जाणवत होतं, आणि मी तोंड उघडलं नव्हतं.

"तीस वर्षं हा आवाज मी लावतोय," व्हर्लिन म्हणाला.

"तीस वर्षं चुकीचासुद्धा लावता येतो की. कधी मोजलास? कशानं?"

"कानानं."

"आणि कानाला सर्टिफिकेट कुणी दिलं?"

यावर टेबल हसलं. त्यात वाईट काही नव्हतं, पण हसलं. व्हर्लिनचे कान लाल झाले.

"रागावू नकोस," कर्टिस म्हणाला, "पण तू इंजिनियर आहेस का? म्हणजे, कागदावर?"

व्हर्लिननं कॉफीचा मग खाली ठेवला. "फर्स्ट क्लास आहे माझ्याकडे. सेंट पॉलला जाऊन दिली परीक्षा. बासष्ट साली."

कर्टिस चपापेल असं मला वाटलं होतं. तो उलट उठून उभा राहिला आणि त्यानं टेबलावरून हात पुढे केला. "अरे भल्या माणसा, आधी नाही का सांगायचं! मीही बासष्टचाच, शिकागोचा! ते गणित आठवतं? माणसाचा घाम काढायचे लेकाचे." त्या दिवसापुरता आवाजाचा वाद संपला. तासभर कर्टिस त्याला आपल्या बरोबरीचा समजून बोलत होता आणि व्हर्लिन मान हलवत होता. निघताना कर्टिस म्हणाला, "सप्टेंबरात मॅडिसनला आम्हा जुन्या लायसन्सवाल्यांचा मेळावा आहे. सगळ्यांची मूळ लायसन्सं भिंतीवर लावणार आहेत. तुझं नाव कळवतो मी. लायसन्स शोधून ठेव."

पुढचे चार गुरुवार व्हर्लिन आला नाही. कधी कुणाची गाय, कधी कुणाचा पंप. पाचव्या आठवड्यात मी थर्मासात कॉफी भरून घेतली आणि कुरणातल्या ट्रान्समीटरच्या खोलीवर गेले. तो बादली पालथी घालून तिच्यावर बसला होता, हातात स्क्रू ड्रायव्हर, करत काहीच नव्हता.

"कर्टिसनं पाठवलं तुला?" त्यानं विचारलं.

"मला कोण पाठवणार? कॉफी घे."

त्यानं घेतली. अर्धी प्यायला आणि म्हणाला, "मी दोनदा बसलो होतो परीक्षेला. दोन्ही वेळा गणितात गेलो. तिसऱ्यांदा जायला तोंड राहिलं नाही."

"मग कशाला बोललास असं?"

"ते हसले ना." त्यानं स्क्रू ड्रायव्हर खिशात घातला. "इतक्या वर्षांत कुणी साधं विचारलं असतं, व्हर्लिन, तुझ्याकडे लायसन्स आहे का, तर नाही म्हणालो असतो. कुणी विचारलंच नाही. आणि विचारलं ते असं."

मला त्याची कीव आली, आणि त्या भरात मी ठरवलं की आता माझंही सांगून टाकावं. "व्हर्लिन, कर्टिस आवाजाबद्दल म्हणतो ते खरं आहे. 'स' टोचतो."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली असतील."

"आणि आत्ता सांगतेस?"

"मला वाटलं, मला काय कळतंय त्यातलं. तुला माहीतच असेल."

त्यानं कॉफी खाली ठेवली. मग म्हणाला, "म्हणजे मी महिनाभर खोटं बोललो आणि तू दोन वर्षं."

मला हसू आलं, पण तो हसला नाही. त्यानं खोलीतल्या रेडिओचा आवाज वाढवला. पोल्का चालू होता. मान तिरपी करून तो बराच वेळ ऐकत राहिला आणि म्हणाला, "मला तर अजून मंदच वाटतो गं."

तेव्हा आम्हा दोघांनाही कळलं.

त्याची बायको बर्निस त्याला दवाखान्यात घेऊन गेली. ती म्हणे दहा वर्षं सांगत होती, पण बायकोचं ऐकू न येणं याला आमच्याकडे कुणी आजार धरत नाही. चाळीस वर्षं तो गोठ्यांतल्या पंपांना कान लावून बसलेला. तपासणीच्या कागदावरची रेघ अर्ध्यापर्यंत सरळ येत होती आणि मग टेकडीवरून दगड सोडावा तशी खाली. उंच सूर त्याला ऐकूच येत नव्हते. दरवर्षी त्याला वाटायचं स्टेशन जरा मंद झालंय, आणि तो वरचे सूर जरा वाढवायचा. स्टेशन जागच्या जागी होतं.

पुढच्या गुरुवारी तो कॅफेत आला. बसला नाही. तपासणीचा कागद त्यानं कर्टिससमोर ठेवला.

"माझ्याकडे फर्स्ट क्लास नाही. कधीच नव्हतं. दोनदा नापास झालो. माझ्याकडे कागद आहे तो हा."

कर्टिसनं चष्मा लावून कागद वाचला, आणि आधी त्याच्यातला इंजिनियरच बोलला. "चार हजार हर्ट्झच्या वरचं काहीच ऐकू येत नाही." मग त्याच्या लक्षात आलं. "मॅडिसनला मी तुझं नाव दिलंय. छापून झालंय त्यांचं. मी त्यांना सांगितलं, आमच्या गावात आणखी एक आहे म्हणून."

"माहीत आहे."

"मी बायकोला सांगितलं, मला इथे आमच्यातला एक माणूस भेटला." त्यानं टोपी घेतली आणि तो निघून गेला. ग्लॅडिस आली आणि म्हणाली, "व्हर्लिन, बस. उभ्या माणसाला मी अंडी देत नाही."

त्याच दुपारी तो आर्लिसकडे गेला, काम सोडतो म्हणून सांगायला. मी स्टुडिओतून बाहेर येत होते, दार उघडंच होतं.

"लायसन्स नाही हे मला चौऱ्याहत्तरपासून माहीत आहे," आर्लिस म्हणाल्या. "नाहीतर त्या दुसऱ्या बाबाला दर महिन्याला केक काय मी हौसेनं खिलवत होते? ते सोड. ऐकू येत नाही हे मला सांगायला हवं होतंस."

"मलाच माहीत नव्हतं."

"हं." ऐंशीला टेकलेल्या आर्लिस खिडकीबाहेर बघत बसल्या. "माझ्या नवऱ्याच्या अंत्यविधीची सूचना याच स्टेशनवर वाचली होती. लोक म्हणाले, शब्द न् शब्द स्वच्छ आला. मला तसं परत पाहिजे. हात तुझेच. कान कुठून आणायचे ते तू बघ."

कान गावात एकाच माणसाकडे होते. व्हर्लिन दोन दिवस टाळत राहिला. शनिवारी सकाळी त्यानं मला ट्रकमध्ये बसवलं, म्हणे सोबत चल, मला त्याचं सगळं बोलणं ऐकू आलं नाही तर! कर्टिस गॅरेजमध्ये गवत कापायचं मशीन पुसत होता. मशीन नवंकोरं होतं.

"मला कान पाहिजेत," व्हर्लिन म्हणाला.

कर्टिस पुसतच राहिला. "मॅडिसनला पत्र टाकलंय मी. तुझं नाव काढा म्हणून."

"बरं केलंस."

"माफ वगैरे केलेलं नाही मी तुला."

"त्यासाठी आलोच नाही. लॉइस किंचाळतेय, त्यासाठी आलोय."

"मी नाही किंचाळत," मी ट्रकमधून म्हणाले.

कर्टिसनं फडकं टाकलं. मग जरा अडखळतच त्यानं विचारलं, "तो ट्रान्समीटर... मला उघडून बघू देशील? आत हात घालून?"

"त्यात काय विचारायचं?"

"शेवटची पंधरा वर्षं मी नुसता मीटिंगांत बसलो, व्हर्लिन. हात लावायला दुसरी माणसं होती. मी फक्त सह्या करायचो."

त्या दिवशी मी स्टुडिओत बसून सोयाबीनचे भाव सलग वीस वेळा वाचले. ऐकणाऱ्यांना काय वाटलं असेल देव जाणे. कुरणातल्या खोलीत कर्टिस मापयंत्र लावून बसला होता आणि व्हर्लिन त्याच्या सांगण्यावरून स्क्रू फिरवत होता. दुपारी फोनवर मला दोघांचं भांडण ऐकू येत होतं. कर्टिस म्हणत होता, यंत्रावर रेघ आता सरळ आली. व्हर्लिन म्हणत होता, रेघ सरळ आली आणि बाई मेली. "वरचं तू बघ, खालचं माझ्यावर सोड! ते मला अजून ऐकू येतं. माणूस छातीतून बोलतो, दातांतून नाही." कर्टिसनं मला पुन्हा वाचायला लावलं. मग कर्टिस हळूच म्हणाला, "हां. आता ती इथे खुर्चीत बसून बोलतेय."

सोमवारी नॉर्थ रिजवरून एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा फोन आला. "लॉइस, दोन वर्षं सर्दी होती का गं तुला? बरी झालेली दिसतेस."

व्हर्लिननं श्रवणयंत्र घेतलं आणि पहिला आठवडा त्याला शिव्या घातल्या. बर्निस एवढं बोलते हे आपल्याला माहीतच नव्हतं, असं तो सगळ्यांना सांगत सुटला. दुसऱ्या आठवड्यात बर्निसनंच ते एकदा लपवून ठेवलं.

गुरुवारी कर्टिस टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसायला लागला. व्हर्लिनशी तो नीट बोले, पण पहिल्यासारखा हात त्यानं परत पुढे केला नाही. मॅडिसनला एकटाच जाऊन आला आणि तिथलं फारसं काही सांगितलं नाही. शनिवार मात्र एकही चुकवला नाही. आवाज दूर पोचावा म्हणून मनोऱ्याभोवती जमिनीत पुरलेल्या तांब्याच्या तारा तीस वर्षांत कुजल्या होत्या. पाला गळायला लागला तेव्हा दोघांनी त्या बदलायला घेतल्या. सहासष्ट आणि अडुसष्ट वर्षांचे दोन गृहस्थ कुरणात गुडघ्यांवर, आणि कुंपणापलीकडून गाई बघताहेत. मी कॉफी घेऊन गेले तेव्हा वाद पेटला होता.

"पोल्काला एवढा खालचा सूर लागतच नाही," कर्टिस म्हणत होता.

"तू कधी नाचलायस पोल्कावर?"

"नाही."

"मग गप खण."