आई आल्यात

साताऱ्याला आम्हाला, देवीची लस टोचणाऱ्या नव्या भरतीला, आठवडाभर शिकवलं. शिकवणारे साहेब तोंडाचे फटकळ. "दारातनं चौकशी करून जातो तो पोस्टमन! तुम्ही आत जायचं, पांघरूण काढून बघायचं. एक रोगी सापडला की घरातल्या-शेजारच्या सगळ्यांना त्याच दिवशी टोचायचं." परीक्षेत मी पहिला आलो. काय तो माझा तोरा!

मला म्हसवडकडची एक वाडी मिळाली. दुष्काळाचं साल, गडीमाणसं खडी फोडायला गेलेली. शेवटच्या घरी एक बाई उंबऱ्यात बसली होती, मांडीवर पाच-सहा महिन्यांची पोर. पोर माझ्या पिशवीचा बंद ओढत होती. मी फोडांचं चित्र पुढं धरून विचारलं, "घरात कोणी आजारी आहे का?"

तिनं चित्र बघितलं, पदर सारखा केला. "आजारी न्हाई कुणी. आई आल्यात घरात. निजल्यात."

मी मान हलवली. माहेरची म्हातारी आली असेल, निजल्या बाईमाणसापाशी आत कसं घुसायचं? पोरीला टोचायचं होतं, पण सुया उकळायला पाणी मागायचं जिवावर आलं आणि ऊनही लय होतं. "पुढल्या फेरीला टोचतो," म्हणालो. ती "बरं" म्हणाली. कागदावर लिहिलं, रोगी नाही.

अरे, मी वाळव्याकडचा! सख्ख्या आईला आमच्यात कोण 'आल्यात' म्हणतं? आय 'आलीया'. 'आल्यात' ती देवी, अंगावर फोड घेऊन येणारी. तिला आजार म्हटलं की ती कोपते, हे माझ्याच घरात ऐकत मी वाढलो. आठ दिवस साहेबी मराठी कानावर पडली आणि आयची भाषा विसरलो. थू माझ्या पहिल्या नंबरावर!

आत तिचा चार वर्षांचा मुलगा निजला होता.

महिन्याभरानं शेजारच्या वाडीत रोगी निघाले तेव्हा साहेबांबरोबर परत गेलो. मुलगा अंगणात खेळत होता, तोंडभर वण. पोर नव्हती. साहेबांनी माझा कागद वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढं इस्लामपूरला मीच नव्या लोकांना शिकवायला लागलो. पहिल्या दिवशी फळ्यावर दोनच शब्द लिहायचो, आलीया आणि आल्यात. सगळे हसायचे. हसा लेको, म्हणायचो, आणि मग साहेबांबरोबर परत गेलो त्या दिवशी ती बाई काय बोलली ते सांगायचो. रागावली नव्हती ती. तेच मला अजून सोसत नाही.

"आवं, मी सांगितलं हुतं की, आई आल्यात म्हनून. तुमी मान हलवली. म्हनलं, यास्नी कळलं. पुढल्या फेरीला टोचतो म्हनला, तवा वाटलं, घाई न्हाई."