अंकात माझं काय?

सत्त्याण्णव साली अबूधाबीत आमच्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक हातानेच लिहिला जायचा. कॉम्प्युटरवर मराठी फॉन्ट कुणाकडे नव्हता, आणि माझं अक्षर बरं म्हणून सगळं लचांड माझ्या गळ्यात. पुरुषांची प्रवासवर्णनं, बायकांच्या पाककृती, सगळं मी उतरवायचे, मग झेरॉक्स. पाच वर्षांत स्वतःची एक ओळ नाही. पुण्यात मी शाळेत शिकवायचे. इथे व्हिसावर शिक्का, हाउसवाइफ, नोकरीची परवानगी नाही. तो बघून रडू यायचं. पण बोलणार कुणापाशी? नवरा तर मंडळाचा सेक्रेटरी, सदा धावपळीत.

हमदान स्ट्रीटवरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये समोरच एक जपानी बाई राहायची. एका सकाळी ती चहाला आली आणि टेबलावरची पानं बघून मोडक्या इंग्रजीत म्हणाली, यातलं तुझं काय? मी म्हटलं, अक्षर. ती हसली नाही. घरी जाऊन कापडात गुंडाळलेला एक पिवळा पडलेला अंक घेऊन आली.

तो अख्खा अंक जपानमधल्या बायकांनी काढलेला. ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांपूर्वी! असे अंक सरकार जप्त करायचं, घरचे म्हणायचे अब्रू घालवली, तरी या काढतच राहिल्या. तिची आजी आधी नुसते वर्गणीदारांचे पत्ते लिहायची. मग एकदा तिने आपल्याला लग्न का नको होतं ते लिहिलं आणि खाली पूर्ण नाव घातलं. शेजारणीने माझं बोट धरून आजीच्या नावाच्या उभ्या जपानी ओळीवर ठेवलं. मला वाचता काहीच येत नव्हतं, पण अंगावर सर्रकन काटा आला. बाई गं, काय छाती म्हणायची ही! कितीतरी वेळ मी बोट उचललंच नाही.

त्या आठवड्यात मी व्हिसावरच्या त्या शिक्क्याबद्दल दोन पानं लिहिली. जागेसाठी अध्यक्षांचं मनोगत निम्म्यावर आणलं. दरवर्षी तेच तर असायचं. खाली माझं नाव, सौ. न लावता. नवऱ्याला दाखवलं नाही.

दिवाळीच्या कार्यक्रमात अंक वाटले. नवरा भिंतीपाशी उभ्याउभ्या वाचत होता. म्हटलं, आता खलास. तो जवळ आला.

"अगं, इतकी वर्षं हे मनात होतं?"

"हो."

"आणि मला ते दोनशे लोकांबरोबर कळावं?"

त्याच्यासाठी मला फार वाईट वाटलं. नाव खोडावंसं मात्र वाटलं नाही.