मालकांनी खाली उतरायचं

"मालक, तुमी खाली उतरा," हे त्याचं पहिलं वाक्य. गाडी पत्र्याच्या शेडसमोर थांबली की तो हातातलं फडकं खांद्यावर टाकायचा, मालकाच्या बाजूचं दार स्वतः उघडायचा आणि असं म्हणायचा. मग शेजारी बसलेली बायको, मागच्या सीटवरचे सासरे, जे कोणी असेल त्यांना विचारायचा, "हां, आता तुमी सांगा. काय व्हतंय?"

खोपोलीहून साजगावला जाताना डाव्या हाताला त्याचं गॅरेज होतं. त्या बाजूच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्यांनी पाहिलं असेल. बोर्ड नव्हता, पण उतरवलेले मालक बाहेर हाताची घडी घालून उभे असायचे, त्यावरून ओळखू यायचं.

मी त्याच्याकडे गेलो तो नाइलाजाने. माझी गाडी उभी असताना शहाण्यासारखी असायची. पुलाचा चढ आला आणि ॲक्सिलरेटर दाबला, की खालून असा भर्रर्र आवाज सुटायचा की पुढचा रिक्षावाला वळून बघायचा. आधीच्या गॅरेजवाल्याने सायलेन्सर बदलला, इंजिनाखालची रबरं बदलली. आवाज होता तिथेच.

आवाजाचं मला एवढं नव्हतं, आईचं होतं. तिच्या दोन्ही डोळ्यांच्या मागच्या पडद्याला सूज यायची आणि दर महिन्याला पनवेलला नेऊन डोळ्यांत इंजेक्शन द्यावं लागायचं. तारीख चुकवू नका, गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. एकदा पनवेलहून परतताना आईने जाहीर केलं, "ह्यो आवाज जाईस्तोवर मी या गाडीत बसायची नाय. फुटंल एकदा." एस.टी.त तिला उलट्या होतात. भाड्याच्या गाडीचं नाव काढलं की ती भिंतीकडे तोंड करून झोपते. पुढची तारीख हुकली.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्याने दार उघडून रिकाम्या सीटकडे पाहिलं.

"एकटंच आलात? रोज संगं कोन बसतं?"

"आई."

"मंग आजीला घेऊन या."

मला वाटलं, थट्टा करतोय. पण त्याने बॉनेटसुद्धा उघडलं नाही. पुढच्या शनिवारी मी त्याच्यावर आवाज चढवला, तेव्हा बॅटरी घेऊन अर्धा तास गाडीखाली गेला.

"दिसत तर काय नाय. कुठं आपटली व्हती?"

"नाही."

"जास्त वजन भरलं व्हतं?"

"छे!"

"मंग आजीला आना."

आता तुम्हीच सांगा, डोकं फिरणार नाही तर काय? आवाज गेल्याशिवाय आई बसणार नाही, आणि आई बसल्याशिवाय हा बाबा आवाज घालवणार नाही. तिसऱ्या शनिवारी मी विचारलं, "तुम्ही मेकॅनिक आहात की सोयरीक जमवता?" तो शांतपणे म्हणाला, "मालक कदी खरं सांगत नाय. गाडी त्याची आसती ना. बसनाऱ्याला काय लपवायचंय?"

मी दार आपटून निघालो. दुसरीही तारीख गेली. चौथ्या शनिवारी मी गिऱ्हाइकांसमोर त्याच्यावर ओरडलो, "तुमच्या हट्टापायी माझ्या आईचे डोळे जातील!"

त्याने पाना खाली ठेवला. "डोळ्याचं हाय व्हय? आदी नाय का सांगायचं?" दोन गिऱ्हाइकं तशीच उभी ठेवून त्याने शेडला कडी घातली आणि माझ्यामागून स्कूटरवर घरी आला.

दारातल्या पायरीवर, आईच्या शेजारी बसला. "आजी, आवाज कसा येतो?"

तोवर कोणी आईला हे विचारलंच नव्हतं, मीसुद्धा नाही. ती खुलली. "माज्या पायाच्या पुढनं, खालनं येतोय. फाटक्या भात्यातनं हवा सुटावी तसा. आन् डोळं चुरचुरत्यात, धुरावानी."

"कदीपासनं?"

"आमी गावाकडनं, पोशीरनं तांदूळ आनला ना, तवापासनं. पाच पोती भरली यानं. बांधावर चढवताना खालनं असा दनका बसला, माजं कपाळ आपटलं की पुढं. म्हनला, कोनाला सांगू नको."

गावाकडचा माझा भाऊ टेंपो सांग म्हणत होता आणि मीच ऐटीत म्हणालो होतो, माझी गाडी कशाला आहे? नव्या गाडीचं पोट मीच फाडलं, हे कबूल करायची मला लाज वाटत होती. मेकॅनिकने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"आजी, चला, एक चक्कर मारू. मी चालवतो, तुमी नुसतं बोट दावा."

माझ्या विनवण्यांना न बधणारी आई उठली आणि जाऊन बसली. मी मागे बसायला गेलो, तर मला फाटकातच ठेवून दोघं घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत जाऊन आली.

संध्याकाळपर्यंत काम झालं. सायलेन्सरच्या पाइपच्या पुढच्या टोकाला एक लवचिक तुकडा असतो, तो वरच्या अंगाला चिरला होता, खालून दिसणार नाही असा. चढावर इंजिन मागे कललं की चीर उघडायची आणि आवाज, धूर, दोन्ही सुटायचे. एवढंसं काम.

आठवड्याच्या सुरुवातीलाच मी आईला पनवेलला नेलं. डावा डोळा थोडाफार सावरेल, असं डॉक्टर म्हणाले. उजव्याला उशीर झाला होता.

हे मी त्याला सांगायला गेलो. त्याने फडक्याने हात पुसले. मग म्हणाला, "मी पयल्याच दिवशी घरी याया पायजे व्हतं."

मी तेव्हाही गप्प राहिलो. चूक माझी आहे, एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? त्या माणसावर मी चार शनिवार चिडलो, पण आता राग येतो तो माझ्या त्या गप्प बसण्याचा.

यंदा दिवाळीच्या आधी त्याच्या छातीत कळ आली आणि तो गेला. शेडला कुलूप आहे. पनवेलला जाताना मी आईला हे सांगितलं.

"कसा व्हता रं दिसायला?" तिने विचारलं. "मला त्याचं तोंड कदी दिसलंच नाय."

मी सांगायला गेलो, आणि सांगता येईना. त्याच्यासमोर उभा राहून मी सगळा वेळ घड्याळच बघितलं होतं.

"चांगला होता," मी म्हणालो.

"नाक-डोळं सांग की रं," आई म्हणाली.