दहाच्या आत घंटा

"चल मास्तर, गिराके देखते," भाई म्हणे, अन् माह्या बोटाले श्वास मोजाचा चिमटा लावे.

मास्तर म्हणजे मी. शाळेची पायरी फक्त पुसाले चढलेला. वणीच्या एका खाजगी दवाखान्यात फरशी पुसतो. भाई तिथला कम्प्युटरवाला. वार्डात दोन कम्प्युटर. रोग्याचा श्वास कमी झाला, का बोटाचा चिमटा निसटला, का घंटा वाजली पाह्यजे. पहिला मेला तं दुसऱ्यानं सांभाळाचं. तुमीही पाह्यले असान असे लोकं, चांगलं चालतं मुद्दाम पाडून पाहणारे.

दर सोमवारी मी पहिल्याची वायर उपटत होतो. भाई माह्या बोटाचा चिमटा काढून मोजे. दहाच्या आत दुसऱ्यानं घंटा वाजवली का खुश.

"माह्यंच बोट काहून भाई?"

"तेरे को कुछ हुआ तो कौन रोता बे?"

मले वाचता येत नाही, म्हणून उपटाच्या वायरीले त्यानं लाल दोरा बांधून देल्ला होता.

मंग दसरा आला. मशिनीची पूजा. मी मोठा भाविक. एकूणएक वायरीले पूजेचा लाल दोरा बांधला. सोमवारी भाई म्हणे, "खींच." मी लाल दिसले तेवढे उपटले. दोनही कम्प्युटर काळे. सिस्टर या खाटेवरून त्या खाटेवर धावून राह्यल्या. कोणी दगावलं नाही, पण डॉक्टरसाहेब आले.

"कोणं उपटलं?"

"मेरी गलती, साब."

मी पुसलेलीच फरशी पुसत होतो.

भाईचं येणं बंद झालं, अन् पाडून पाहणंही.

दीड वर्षानं भाई आला तो खाटेवर. श्वास पुरत नव्हता.

"मास्तर, दूसरा उठता क्या?"

"उठते ना भाई, एकदम."

"किसने गिराया?"

मी दात काढले. मले दुसरं येते काय?

त्यानं आपल्याच बोटाचा चिमटा काढला अन् मोजाले लागला. पाच. सात. दम लागून राह्यला होता. दहा. घंटा नाही.

मी पयत सिस्टरकडे गेलो. तिनं स्क्रीनकडे पाह्यलं. "चालूच तं आहे. तू हात नको लावू बावा, मांगच्या खेपेले पाह्यलं आमी."

वापस आलो तं भाईनं चिमटा परत लावला होता. "रहने दे," म्हणे.

सोमवारी सकाळी त्याच्याच खाटेखाली पुसून राह्यलो होतो. वर पाह्यलं तं भाई गेलता. सगळं चूप. मी उभ्या उभ्या दहा मोजले.

मले दहापर्यंतच येते. तेही त्यानंच शिकवलं.