उजव्या डोळ्याचा मान

खंडेनवमीच्या सकाळी काठमांडूच्या हँगरात पहिला बोकड मोठ्या जेटला मिळायचा. मग लहान विमानांची रांग. रक्ताची धार पुढच्या चाकावर, शेंदूर नाकावर, झेंडूची फुलं पंख्याच्या पात्यांवर. अष्टमान ताम्राकार शेवटच्या बोकडाची वाट बघत उभा असायचा, कारण शेवटचा बोकड कांछीचा.

कांछी म्हणजे शेंडेफळ मुलगी. सरकारी विमान कंपनीच्या ताफ्यात सगळ्यांत शेवटी आलेलं ते छोटं, दोन पंख्यांचं विमान. हँगरातल्या माणसांनीच तिला हे नाव ठेवलं. डोंगरातल्या दगडमातीच्या धावपट्ट्यांवर ती तांदूळ, मीठ, मास्तर आणि आजारी माणसं पोचवायची, आणि दर खेपेला पोटावर नवे पोचे घेऊन परत यायची. ते पोचे काढणं हे अष्टमानचं काम.

तो बागमतीपलीकडच्या पाटणचा, तांबटांच्या घरातला. बापजाद्यांनी घागरी ठोकल्या. कंपनीला पत्र्याचं काम जाणणारी माणसं हवी होती, तेव्हा हा मिसरूड फुटलेला पोरगा तिथे चिकटला. बापाला ते काही फारसं रुचलं नव्हतं.

"घागर गळली तर पाणी सांडतं," बाप म्हणाला होता. "तुझं गळलं तर?"

"माणसं सांडतात, बा."

"मग नीट ठोक."

त्यानं नीट ठोकलं. रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे खिळे, मारताना एक जण बाहेरून हत्यार धरतो, दुसरा आतून लोखंडी ठोकळा टेकवून बसतो. दोघांची नजरानजर होत नाही, नुसत्या आवाजावर काम चालतं. अष्टमानला आतली बाजू आवडायची. कांछीच्या पोटात आडवं पडून त्यानं अर्धी जवानी काढली.

राजाच्या काळात सगळं आलबेल होतं, असं सांगणारे आता पुष्कळ भेटतात. अष्टमान त्यांच्यातला नव्हता. एकदा दरबारचे पाहुणे तराईत शिकारीला गेले आणि कांछीला तिथेच ठेवून घेतलं. इकडे जुम्ल्याच्या धावपट्टीवर एक अडलेली बाळंतीण डोलीत आभाळाकडे बघत पडून राहिली. तिचं पुढे काय झालं, हे हँगरात कुणी विचारलं नाही. कांछी परतली तेव्हा तिच्या पोटात हरणांचं रक्त वाळून काळं झालं होतं. ते अष्टमाननंच खरवडलं. पण त्या काळी कांछी उडत होती, एवढं खरं.

हँगरातले बहुतेक जण पाटण-काठमांडूच्या नेवार समाजातले. त्यामुळे बोकड कापल्यावर मुंडक्याची वाटणी घरच्यासारखीच व्हायची. मुंडक्याचे आठ भाग: दोन डोळे, दोन कान, नाक, जीभ आणि जबड्याच्या दोन बाजू. उजवा डोळा सगळ्यांत जुन्या माणसाला, डावा त्याच्या खालच्याला, असं उतरत उतरत. नोकरी किती जुनी, एवढाच हिशेब. साहेब कोण आणि हमाल कोण, ते त्या ओळीत बघत नसत. उजवा डोळा भलत्याच्या पानात पडला तर ज्याचा हक्क होता तो मेला असंच जाहीर केल्यासारखं. हँगरचे फोरमन बाबुकाजी यांच्या पानात कितीतरी वर्षं तो डोळा पडत आला, आणि वाटणारा हात अष्टमानचा. पत्रा कापणाऱ्याच्या हाती सुरी शोभते, असं बाबुकाजीच म्हणायचे.

मग विक्रम संवत दोन हजार छेचाळीसचं, म्हणजे १९९० सालचं आंदोलन झालं. रस्त्यावर माणसं पडली, राजानं पक्षांना मान्यता दिली, आणि तिसऱ्या दिवशी स्टोअरमधल्या टंकनाथ सुवेदीच्या कोटावरचा राजा-राणीचा बिल्ला नाहीसा झाला. आठवडाभरात तो कामगार संघटनेचा अध्यक्षच झाला.

"सुवेदीजी, बिल्ला कुठे गेला?" कुणीतरी मुद्दाम विचारलं.

"कुठला बिल्ला?" टंकनाथ म्हणाला. माणूस हसतमुख. हसताना डोळे मिटायचे, त्यामुळे त्याला काय दिसतं आणि काय दिसत नाही ते कळायचं नाही.

त्याच सुमाराला कांछी डोल्पोकडे उतरताना दगडांवर घसरली. माणसं वाचली, नाक चेपलं, एका पंखाचं टोक वाकलं, एक इंजिन गेलं. दुसऱ्या विमानाचं इंजिन तात्पुरतं लावून तिला कशीबशी काठमांडूला आणली, आणि ते इंजिन ज्याचं त्याला परत गेलं. कांछी एका इंजिनानं उभी राहिली. नाक आणि पंख अष्टमाननं सरळ केले. उन्हाळा गेला, पावसाळाही गेला. शेवटी परदेशातून दुरुस्त होऊन आलेलं एक इंजिन लाकडी पेटीत स्टोअरला येऊन पडलं. ते कुणाला लावायचं, हे ठरवणाऱ्या समितीत आता संघटनेचा अध्यक्षही होता.

"दसैं होऊ दे," टंकनाथनं शब्द दिला. "नंतर तुमच्या कांछीचंच बघू, दाइ." हँगरात कुणालाही दाइ, म्हणजे दादा म्हणायची पद्धत होती.

दसैं, म्हणजे तिकडचा दसरा, आला. बाबुकाजी त्याच वर्षी वारले होते. आता सगळ्यांत जुना माणूस म्हणजे टायरवाला ग्यानीलाल. फारसा बोलायचा नाही, दुपारनंतर थोडी घेतलेली असायची, पण चाकाला हात लावून हवा सांगायचा. हँगरात चटया पसरल्या. टंकनाथ गळ्यात हार घालून आला आणि कुणी बसा म्हणायच्या आत ओळीच्या डोक्यावर, बाबुकाजींच्या जागी बसला.

अष्टमान मुंडकं पुढ्यात घेऊन बसला, तसा संघटनेचा एक पोरगा त्याच्या कानाशी लागला. "दाइ, डोळा अध्यक्षांच्या पानात टाका. इंजिन त्यांच्याच हातात आहे. समजून घ्या."

"ग्यानी दाइ बसलेत ना."

"ग्यानी दाइला काय, जबडासुद्धा चालतो. त्यांना चव कुठे कळतेय!"

जवळचे दोघं-तिघं हसले. ग्यानीलाल ओळीत दुसऱ्या जागी मान खाली घालून बसला होता. त्यानं ऐकलं की नाही, कळलं नाही. अष्टमाननं समोर पाहिलं. हँगरच्या दारापलीकडे कांछी उभी होती, एका बाजूला इंजिन आणि दुसऱ्या बाजूला नुसती पोकळी. एक डोळाच तर द्यायचा होता.

पण त्याचा हात उचलला गेला तो सवयीनं, आणि डोळा ग्यानीलालच्या पानात पडला. मग डावा डोळा, कान, नाक. नोकरीच्या हिशेबानं टंकनाथचा नंबर आठांत बसतच नव्हता. त्याच्या पानात साधं मटण आणि चिउरा, म्हणजे पोहे, आले.

टंकनाथ डोळे मिटून हसला. "बघा! देशात लोकशाही आली, पण अष्ट दाइंच्या हँगरात अजून म्हाताऱ्यांचंच राज्य." मग पोटभर जेवला, आणखी मागून घेतलं.

ग्यानीलालनं डोळा तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळत राहिला. उठताना अष्टमानला म्हणाला, "कशाला रे? मला जबडा चालला असता."

इंजिन कांछीला मिळालं नाही. ते ज्या विमानाला लागलं, ते विमान महिन्याभरात एका खासगी कंपनीला भाड्यानं गेलं. अष्टमान स्टोअरमध्ये गेला तेव्हा टंकनाथनं त्याला खुर्ची दिली, चहा दिला.

"दाइ, मी एकटा काय करणार? समितीचा निर्णय. आता सगळं बहुमतानं चालतं."

घरी न्हुछेमायानं सगळं ऐकून घेतलं आणि त्याच्या पुढ्यात ताट आदळलं. "एक डोळा दिला असतात तर आंधळे झाला असतात का?"

"रीत आहे, न्हुछे."

"रीत घरात असते. तिथे कंपनी आहे. त्या विमानाचं वाटोळं तुम्ही केलंत, त्यानं नाही."

बायकोचं हे वाक्य त्याच्या मनात पुढची सगळी वर्षं ठाण मांडून बसलं.

कांछीला ओढून हँगरामागच्या गवतात उभं केलं. सरकारं येत-जात राहिली. दर नवा मंत्री पहिल्या महिन्यात विमानतळावर यायचा, गवतातल्या कांछीच्या पंखाखाली उभा राहून फोटो काढायचा आणि म्हणायचा, "जमिनीवर बसलेली सगळी विमानं पुन्हा आकाशात जातील." फोटो निघाला की आठवडाभरात कांछीचा आणखी एखादा भाग दुसऱ्या विमानासाठी काढला जायचा. आधी उरलेलं इंजिन, मग चाकं, मग आतली घड्याळं. काढायला अष्टमानलाच बोलावत. तोही जाई, कारण दुसरा कुणी गेला तर खिळा निघाला नाही म्हणून पत्रा फाडेल, ही धास्ती. काढलेल्या प्रत्येक भागाच्या भोकावर तो पत्र्याची चकती बसवी, पाणी आत जाऊ नये म्हणून. सांगाडा शाबूत असला की बाकीचं कधीही लावता येतं, हा त्याचा हट्ट होता.

पुढे कंपनीनं ठरवलं, उडणाऱ्या विमानालाच बोकड. त्या वर्षी अष्टमाननं कांछीसाठी पदरचा बोकड आणला. पुढच्या वर्षी कोंबडा. मुलाचं लग्न झालं त्या वर्षी बदकाचं अंडं. नंतर नंतर एक कोहळा नेऊन कांछीच्या पुढ्यात कापायचा आणि त्यावर शेंदूर टाकायचा.

"अष्ट दाइ, आता पुढच्या वर्षी काय, मुळा?" तरुण मेकॅनिक विचारायचे.

"तू राहशील का पुढच्या वर्षी? की कतारला जाशील?" तो म्हणायचा. बहुतेक जण खरंच कतारला गेले.

डोंगरात माओवाद्यांची लढाई पेटली, धावपट्ट्या उद्ध्वस्त झाल्या. मग लढाई संपली, राजाही गेला, आणि कंपनीच्या नावातला 'शाही' शब्द खरवडायचा हुकूम आला. उडणाऱ्या विमानांवरून तो निघाला. गवतातल्या कांछीकडे कुणी फिरकलं नाही, त्यामुळे तिच्या अंगावर तो राहून गेला. तिथून जाणारे हसायचे.

टंकनाथनं मधल्या काळात दोन संघटना बदलल्या होत्या. लढाईनंतर तो लाल झेंडेवाल्यांबरोबर आला आणि नोकरीतून निवृत्त झाल्यावर मंत्र्याचा सल्लागार म्हणून पुन्हा त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर जाऊन बसला. नवा मंत्री कर्णालीकडच्या डोंगराळ मुलखातला होता. डोंगरातली सेवा पुन्हा सुरू करायची म्हणत होता. एक परदेशी इंजिनीअर आला, कांछीच्या खाली झोपून, वर चढून सगळं पाहून गेला. सांगाडा चांगला आहे, दोन इंजिनं मिळाली तर ही उडेल, असं म्हणाला. अष्टमानची निवृत्ती काही महिन्यांवर आली होती. त्या रात्री तो न्हुछेमायाला म्हणाला, "बघ, मी चकत्या मारल्या म्हणून."

तिनं त्याला आणखी एक पळी डाळ वाढली.

त्या वर्षीच्या नवमीला सल्लागार येणार, असा निरोप आला. चटया पसरल्या. आता ओळीतला सगळ्यांत जुना माणूस अष्टमानच होता, आणि वाटणाराही तोच. टंकनाथ आला, केस पांढरे झाले होते, पण हसू तेच. या वेळी तो ओळीच्या डोक्यावर बसला नाही. मधेच कुठेतरी मांडी घातली.

अष्टमाननं उजवा डोळा काढला. त्याच्या स्वतःच्या हक्काचा. उठला, ओळ ओलांडून गेला आणि तो टंकनाथच्या पानात ठेवला.

"अरे अरे, दाइ! हे काय?"

"तुमचा मान."

"माझा कसा? तुमचा आहे."

"माझा मी दिला." अष्टमाननं आवाज खाली आणला. "कांछीकडे बघा, सुवेदीजी. सांगाडा शाबूत आहे. दोन इंजिनं द्या. मी निवृत्त झालो तरी फुकट येऊन बसवीन."

जुन्यांपैकी दोघांनी माना फिरवल्या. तरुण पोरांना काय घडलं ते कळलंच नाही. ती मोबाइलवर बोकडाचे फोटो काढत होती.

टंकनाथनं डोळा उचलला, तोंडात टाकला आणि चवीनं चावला. "वा. इतक्या वर्षांनी." मग हात पुसत म्हणाला, "दाइ, तुम्हाला कुणी सांगितलं नाही? कांछी श्रावणातच विकली. नगरकोटच्या हॉटेलवाल्यानं घेतली. आत टेबलं टाकणार, म्हणे. पोरंबाळं मोमो खातील, फोटो काढतील. आनंद मिळेल लोकांना."

"मग तो परदेशी इंजिनीअर?"

"त्यालाच विचारलं ना, डोंगरावर ठेवायला सांगाडा टिकेल का म्हणून."

अष्टमान आपल्या पानापाशी जाऊन बसला. पानात काहीच नव्हतं. डावा डोळा कुणाला द्यायचा, हे विचारायलाही कुणी आलं नाही. सुरी त्याच्या हातात होती. त्यानं उरलेलं मुंडकं तसंच अख्खं स्वयंपाक्याकडे सरकवलं. "रश्शात टाक."

हॉटेलवाल्याचा ट्रक तिहारनंतर, म्हणजे दिवाळी उलटल्यावर आला. पंख काढल्याशिवाय कांछी रस्त्यावर मावणार नव्हती. कंत्राटदाराची माणसं गॅसकटर घेऊन आली. अष्टमाननं त्यांना बाजूला केलं आणि आतून-बाहेरून एकेक बोल्ट सोडवला. सगळा जन्म जे काम त्यानं दुसऱ्याच्या जोडीनं केलं, ते या वेळी एकट्यानं केलं. पंख उतरले तेव्हा सांध्याच्या आत, ऊन कधी न लागलेल्या जागी, कारखान्यातला मूळचा हिरवट रंग अजून ताजा होता.

क्रेननं पोट उचललं. ट्रकवाला खालून ओरडला, "दाइ! हिचं तोंड पुढे ठेवू की मागे?"

क्रेनवाला थांबला. कांछी हवेत जराशी डुलत होती, कितीतरी वर्षांनी जमिनीपासून सुटलेली. सगळे अष्टमानकडे बघत होते. त्यानं पान्हे गोळा करून पिशवीत टाकले.

"कसंही ठेव," तो म्हणाला.