रोमन गुलामाचं काम मी केलं आणि वर्ग हसला

मंडळी, दुपारपासून डोकं चालत नाहीये, म्हणून तुम्हालाच विचारतेय.

आम्हाला एम.ए.ला लॅटिन साहित्याचा पेपर आहे. आज वर्गात एका रोमन विनोदी नाटकाचं मराठीत वाचन झालं. मालकाला गंडवणाऱ्या गुलामाचं काम माझ्याकडं होतं. मालक चाबकाची धमकी देतो आणि गुलाम उलटून बोलतो. मी ते आपल्या बोलीत म्हटलं. वर्ग लई हसला. सर म्हणाले, "गॅदरिंगमध्ये हेच कर. उद्या नाव दे."

खुशीत घरी येऊन पप्पांना वाचून दाखवलं. ते चितेगावला कंपनीत आहेत, सेकंड शिफ्टला निघाले होते. तेही हसले. मग बूट घालताना म्हणाले, "शेवटी सोडलं का मालकानं त्याला?"

मी शेवटचं पान बघितलं. मालकाच्या पोराचं लग्न ठरतं आणि नाटक संपतं. गुलामाचं पुढं काहीच नाही.

"तुझे आजोबा सालदार होते," पप्पा म्हणाले. "वर्षभर मालकाच्या शेतात राबायचे. मालकाला लई हसवायचे. घरी आले की बोलायचे नाय."

पप्पा ड्यूटीवर गेले.

वर्गातला तो हशा मला आवडला होता, हे कसं नाकारू? तुम्ही माझ्या जागी असता तर उद्या नाव दिलं असतं का?