न आलेला हुकूम

इतकी वर्षं उलटली, तरी अंबड रस्त्यावरच्या मोरीपासून सुरू झालेलं ते प्रकरण माझ्या मनातून गेलेलं नाही. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांचा निकाल लागला की ते मिटायचे. हे प्रकरण कोर्टात मिटलं, माझ्यापुरतं मिटलं नाही.

हैदराबाद संस्थान विलीन होऊन थोडाच काळ झाला होता. राज्यघटना नुकतीच लागू झाली होती. मी जालन्याच्या ठाण्यावर सब-इन्स्पेक्टर होतो, पण लोक जुन्या सवयीने मला अमीनसाहेबच म्हणत. ठाण्याच्या कपाटात फौजदारी कायद्याचं पुस्तक होतं ते उर्दूतलं, जुन्या राजवटीचं. ते आता चालत नाही असं आम्हाला कळवलं होतं. नवं पुस्तक यायचं होतं.

एका सकाळी अंबड रस्त्यावरच्या मोरीखाली स्फोट झाला. प्रवाशांची मोटार नुकतीच पुढे गेली होती, म्हणून माणसं वाचली. मोरीत जळक्या वातीचा तुकडा सापडला. विहिरी खोदताना सुरुंगाला लावतात तसलीच ती वात होती. जुन्या राजवटीच्या बाजूने लढलेल्या टोळ्यांतली काही माणसं अजून फरारी होती. संशय तिकडेच गेला.

संध्याकाळी आमचा खबऱ्या आला. म्हणाला, "साहेब, त्या रस्त्यालाच एका विहिरीवर सुरुंगाचं काम चालू हाय. तिथल्या माणसाच्या पेटीतल्या सुरुंगाच्या नळ्या कमी झाल्यात. आन् आणखी एक कानावर आलंय. दुसरा बार बाजाराच्या दिवशी मोंढ्यात व्हनार."

मोंढा म्हणजे आमचा धान्याचा बाजार. बाजाराच्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नसते.

सुरुंगवाल्याला आम्ही विहिरीवरूनच उचललं. धनगराच्या घरातला, चाळिशीचा माणूस. दुष्काळात मेंढरं गेली तेव्हा या कामाला लागलेला. पेटीत नळ्या खरंच कमी होत्या.

"कुठं गेल्या?"

"म्हाईत न्हाई. चोरीला गेल्या."

"मग ठाण्यात का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुमी मलाच धरलं असतं."

पुढे कितीही फिरवून विचारलं तरी उत्तर तेच. माझा अनुभव असा की खोटं बोलणारा माणूस दर वेळी थोडी भर घालतो. हा काहीच भर घालत नव्हता. पण तयारीचे गुन्हेगारही असेच बोलतात. मला अंदाज येईना.

आमचे जमादार जुन्या राजवटीत मुरलेले. ते म्हणाले, "साहेब, तुमी जरा बाहेर चहा पिऊन या. जल्दी उरकतो."

मी चहाला गेलो नाही. औरंगाबादला आमच्या वरिष्ठांना फोन लावला.

"बाजाराच्या दिवसाआधी तो बोलला पाहिजे," साहेब म्हणाले.

"साहेब, कुठवर जायचं?"

"म्हणजे?"

"म्हणजे हात लावायचा की नाही?"

साहेब म्हणाले, "तुम्ही अनुभवी आहात," आणि फोन ठेवला.

मी वायरलेसवरून स्पष्ट सूचना मागितल्या. उत्तर आलं: कायद्यानुसार योग्य ती कारवाई करून तपास त्वरित पूर्ण करावा. ते मी जमादारांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "म्हंजे मारा." मी तेच पुन्हा वाचलं, तर मला वाटलं, म्हणजे मारू नका.

दुसऱ्या दिवशी आरोपीला मुन्सफ मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलं. चोवीस तासांच्या आत हजर करायचं, एवढं घटनेतलं कलम आम्हाला पाठ झालं होतं. त्यांनी विचारलं, "पोलिसांनी मारलं का?"

"अजून न्हाई, सरकार."

त्या 'अजून'वर मॅजिस्ट्रेट माझ्याकडे पाहत राहिले. पोलीस कोठडी मात्र दिली. बाहेर पडताना मी त्यांनाही तेच विचारलं, कुठवर जायचं? ते म्हणाले, "ते सरकारनं ठरवायचं. अंगावर खूण दिसली तर मी जाब विचारीन."

बाहेर आल्यावर जमादार म्हणाले, "मंग खूण न दिसंल असं करू."

मी नको म्हणालो. जमादारांनी मान खाली घातली, पण त्यांना पटलं नव्हतं.

ठाण्यावर जुन्या जालन्यातले एक मारवाडी आडतदार येऊन बसले होते. तीन पिढ्या इथे राहिलेला माणूस. त्यांच्या दुकानासमोरच बाजार भरायचा. "अमीनसाब, तुमी त्याला जावयासारखं ठेवून राह्यले. आमचे लेकरंबाळं तिथं बसतेत. काही झालं तर कोण जबाबदार?"

मी म्हणालो, "बाजार बंद ठेवतो."

"बंद ठेवला तर लोक म्हणतील सरकार घाबरलं. आन् खेड्यातली माणसं काय खातील?"

वरूनही बाजार बंद करू नका असंच आलं. बाजाराच्या दिवशी मोंढ्याच्या तोंडाशी मी शिपाई उभे केले. आत येणारी प्रत्येक गाडी तपासली. पण आदल्या दिवशीच येऊन पडलेला माल आमच्या नजरेतून सुटला. भर दुपारी एका हमालाने थप्पीतलं पोतं ओढलं आणि स्फोट झाला. हमालाचा उजवा हात मनगटापासून गेला.

गाव माझ्यावर उलटलं. साहेब औरंगाबादहून आले. चौकशीत त्यांनी विचारलं, "आरोपी ताब्यात असताना त्याच्याकडून वदवून का घेतलं नाही?"

"सूचना मागितल्या होत्या, साहेब."

"सक्ती करू नका, असं तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही."

"मग?"

"करा असंही कुणी सांगितलं नव्हतं."

लिहून घेणाऱ्या कारकुनाला साहेबांनी थांबायची खूण केली.

मी दवाखान्यात गेलो. हमाल शुद्धीवर होता. त्याची बायको पायाशी बसली होती. त्याने रागाने विचारलं नाही, नुसतंच विचारलं, "साहेब, लोक म्हणून राह्यले, त्या मानसाला मारलं असतं तर माझा हात ऱ्हायला असता. खरंय का?"

मला तेव्हा खरंच माहीत नव्हतं. तसंच सांगितलं. त्याने डोळे मिटले. मग म्हणाला, "ते पोतं घनसावंगीच्या गाडीतून आल्तं. गाडीवाला मला म्हनला, हे वर ठिव, दाबू नको. मी त्याला वळखतो."

तिथून वाट सापडली. गाडीवाल्याला थापडांचा धाकही दाखवावा लागला नाही, हमालाचा हात कसा गेला हे ऐकून तो रडला आणि बोलला. पोत्यात काय आहे हे त्याला माहीत नव्हतं, जपून ने एवढंच सांगितलं होतं. ज्यांनी ते दिलं ते दोघं फरारी टोळीवाले गोदाकाठच्या एका गावात नाव बदलून राहत होते. त्यांच्याकडे उरलेल्या नळ्या मिळाल्या. रात्रीतून विहिरीवरची पेटी फोडल्याचं त्यांनी पुढे कबूल केलं. सुरुंगवाल्याचा त्यांच्याशी काडीचा संबंध नव्हता.

त्याला सोडताना मी म्हणालो, "तू खरं बोलत होतास."

तो उंबऱ्याशीच थांबला. "साहेब, पर मी एक नाव तयार ठेवलं होतं. जमादारसाहेब पट्टा घेऊन दाराशी यायचे ना, तवा ठरवलं. मारलं तर मेव्हन्याचं नाव सांगायचं. त्याला लेकरं न्हाईत."

जमादार तिथेच उभे होते. त्यांनी पट्टा कमरेला नीट केला आणि आत गेले.

लोक आता म्हणतात, तुम्ही बरोबर वागलात. सुरुंगवाला निर्दोष निघाला म्हणून ते तसं म्हणतात. त्याला खरोखर माहीत असतं, तर हेच लोक काय म्हणाले असते? या प्रकरणाने मला एवढं शिकवलं की संशयिताला कुठवर विचारायचं आणि कुठे थांबायचं, ते सरकारने आपल्या नावाने, आधी आणि स्पष्ट शब्दांत सांगितलं पाहिजे. पुढे जे होईल त्याची जबाबदारीही सरकारनेच घेतली पाहिजे. गोलमोल शब्द खाली पाठवायचे आणि निकाल पाहून शाबासकी द्यायची की चौकशी लावायची ते ठरवायचं, याला हुकूम म्हणत नाहीत. ते ओझं खाली उतरत उतरत शेवटी कोठडीच्या दाराशी उभ्या असलेल्या एकट्या माणसावर येऊन पडतं, आणि त्याचा स्वभाव त्या दिवशी कसा असेल त्यावर आतल्या माणसाचं नशीब ठरतं.

जमादारांना मी नको म्हणालो, ते कायदा मानून की नुसताच गोंधळून, हे मला आजही सांगता येत नाही.